कचेरीचे दार घरातून उघडताना

डिचोली तालुक्यातील सुर्ला हे गाव गोमंतकाच्या खाणपट्ट्यात येते. या पट्ट्यातील माणसांचा दिवस कित्येक वर्षे एकाच क्रमाने चालत असे. खनिजाने भरलेले ट्रक टेकडीवरून उतरत, काट्यावर वजन होई, परवाना तपासला जाई, धक्क्यावर माल बार्जेत पडे आणि मांडवीच्या पाण्यावरून मुरगावकडे निघे. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने हे काम थांबविले. पुढे ते मर्यादित प्रमाणात सुरू झाले; पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून ट्रक पुन्हा अंगणात उभे राहिले. डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ मध्ये खाणकामाला नव्याने आरंभ झाला आहे. परंतु मधल्या वर्षांत घराघरांतील मुलामुलींनी दुसऱ्या वाटा धरल्या होत्या. कोणी पणजीच्या कचेरीत लागले, कोणी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, तर कोणी थेट पुण्याबेंगळूरला गेले.

मग २०२० चा मार्च महिना आला. २५ तारखेपासून सारा देश घरात बसला आणि दूर गेलेली पुष्कळशी मुले आपापला लॅपटॉप काखेत मारून गावी परतली. कचेरी त्यांच्यामागोमाग घरात आली. साथ ओसरली, तरी काही जणांच्या बाबतीत ती व्यवस्था पूर्णपणे किंवा आठवड्यातील काही दिवसांपुरती टिकून राहिली. म्हाताऱ्या आईवडिलांकडे पाहता येते, पुण्याचे घरभाडे वाचते आणि पगारही गावात येतो. ज्या घरातील ट्रक विकला गेला, त्या घराला या पगाराची किंमत सांगावी लागत नाही.

या साऱ्या व्यवस्थेचा भार मात्र एका अदृश्य दारावर आहे. सकाळी नऊ वाजता ते दार उघडले तर माणूस कामावर आहे; न उघडले तर तो घरी असून गैरहजर आहे. कचेरीचा ई-मेल उघडत नाही, पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी उमटते, वरिष्ठांचा फोन येतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांना वाटते की पोरगा नुसता यंत्रासमोर बसून आहे. हे दार का अडते आणि अडले तर काय करावे, याचा विचार आज करावयाचा आहे. यासाठी यंत्रशास्त्र जाणण्याची आवश्यकता नाही. क्रमाने पाहण्याची सवय मात्र हवी.

प्रथम हे दार म्हणजे काय ते पाहू. ई-मेल ही कल्पना १९७१ सालची. रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरील माणसाला संदेश धाडला आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये ते सुप्रसिद्ध गोल चिन्ह घातले. पुढे सारे जग एकाच जाळ्यात आले. भारतात सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. जाळे सर्वांचे झाले, तसा एक प्रश्न उभा राहिला. कचेरीचे दप्तर हमरस्त्यावर मांडून ठेवता येत नाही. आणि बाहेर असलेल्या कर्मचाऱ्याला तर ते हवे असते. यावर तोड निघाली ती अशी की, हमरस्त्याच्या खालून एक खाजगी बोगदा न्यावा. त्यातून जाणारा मजकूर कुलूपबंद असावा, आणि बोगद्याच्या तोंडाशी ओळख पटल्यावाचून कोणासही आत सोडू नये. या बोगद्यालाच व्हीपीएन म्हणतात. १९९० नंतरच्या दशकात त्याच्या पहिल्या पद्धती तयार झाल्या. आज बहुतेक मोठ्या कचेऱ्यांत अशी एखादी व्यवस्था असते.

बोगद्याची गोष्ट गोमंतकीयांना नवी नाही. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा सर्वांच्या ओळखीचा आहे. २०२० च्या ऑगस्टात त्याच्या भिंतीचा भाग ढासळला, आणि २०२४ च्या जुलैत त्यात पाणी व चिखल शिरला. दोन्ही वेळी मडगावचे स्थानक जागेवर होते, मुंबईचे स्थानक जागेवर होते, इंजिने धडधाकट होती. तरी गाड्या जाईनात. स्थानकावर तिष्ठत असलेल्या प्रवाशाला मात्र एवढेच कळते की गाडी आली नाही. दोष गाडीचा की बोगद्याचा, हे त्याला जागेवरून दिसत नाही. घरी बसलेल्या कर्मचाऱ्याची स्थिती तीच असते. ‘ई-मेल उघडत नाही’ हे एकच वाक्य चार निरनिराळ्या अडथळ्यांबद्दल बोलले जाते, आणि चौघांवरचा उपाय वेगळा आहे. म्हणून अडथळा घरच्या जाळ्यात आहे, बोगद्यात आहे, बोगद्यापलीकडच्या रस्त्यात आहे की ओळखीच्या चौकीवर आहे, हे आधी ठरविले पाहिजे.

पहिली चौकी घरची. व्हीपीएन बंद करावे आणि एखादे साधे वृत्तपत्राचे पान उघडून पाहावे. ते उघडत नसेल, तर कचेरीला दोष देण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात आपल्याकडे फांदी तुटून तारेवर पडते, विजेचा लोळ आला की राऊटर जळतो, वीज गेली की राऊटर बंद पडतो. पण लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिल्यामुळे हे लक्षात येत नाही. राऊटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा चालू करण्याचा उपाय साधा आहे, पण हास्यास्पद नाही. यंत्राच्या मनातील जुना गोंधळ त्याने पुसला जातो. तेवढ्याने भागले नाही, तर मोबाईलच्या इंटरनेटवरून लॅपटॉप जोडून पाहावा. पेडण्याचा बोगदा बंद झाला तेव्हा काही गाड्या लोंढा-मिरजेवरून वळविल्या गेल्या, तसाच हा वळसा. या वळशाने काम झाले, तर दोष घरच्या जोडणीत आहे हे सिद्ध झाले. आणि त्या दिवसाचे कामही निभावले.

दुसरी चौकी बोगद्याच्या तोंडाशी. घरचे इंटरनेट चालते, पण व्हीपीएन जुळत नाही, अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, लॅपटॉपचे घड्याळ. हे अनेकांना चमत्कारिक वाटते. परंतु बोगद्यावरील पहारेकरी जी प्रमाणपत्रे तपासतो, त्यांवर मुदतीच्या तारखा असतात. लॅपटॉपमधील छोटी बॅटरी संपून त्याची तारीख काही वर्षे मागे गेली, तर त्याच्या मते सारीच प्रमाणपत्रे भविष्यकाळातील ठरतात. विंडोजवर चालणाऱ्या कचेरीच्या जाळ्यात सामान्यतः पाच मिनिटांचा फरकही चालत नाही. दोन, ज्या जाळ्यावरून आपण जात आहोत ते. विश्रामगृहातील किंवा वाचनालयातील फुकट वाय-फाय आधी आपले स्वतःचे पान उघडून नाव-क्रमांक मागते. ते भरल्याशिवाय व्हीपीएन जुळत नाही. काही ठिकाणी तर बोगद्याला लागणारी फाटकेच बंद ठेवलेली असतात. तीन, आपल्याच यंत्रावरील दुसरे व्हीपीएन. चित्रपट पाहण्यासाठी एखादे फुकटचे व्हीपीएन घेतलेले असते आणि ते मागे चालूच राहते. एका घरातून एकाच वेळी दोन बोगदे खणू लागले की मजकुराने कोणती वाट धरावी हे त्यालाच कळेनासे होते. शिवाय फुकटचे व्हीपीएन आणि कचेरीचे व्हीपीएन यांत मोठा फरक आहे. पहिल्यात आपण आपला सारा व्यवहार एका परक्याच्या हाती देतो. २८ एप्रिल २०२२ रोजी भारत सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने व्हीपीएन पुरविणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्यास सांगितले. कचेऱ्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला मात्र त्यातून वगळले.

तिसरी चौकी सर्वांत फसवी. व्हीपीएन जुळल्याचे हिरवे चिन्ह दिसते आणि तरी टपालपेटी उघडत नाही. येथे माणसाचा धीर सुटतो, कारण पडदा म्हणतो सारे ठीक आहे. याची एक सामान्य कारणे देणारी जागा म्हणजे नाव-पत्ता. प्रत्येक सर्व्हरला एक नाव असते आणि त्यामागे आकड्यांचा पत्ता. कचेरीतील सर्व्हरचा पत्ता कचेरीच्याच नोंदवहीत असतो. घरचे यंत्र जर बाहेरच्या नोंदवहीत शोधत राहिले, तर त्याला ते नाव सापडणारच नाही. दुसरे कारण पत्त्याची पुनरुक्ती. घरातील राऊटर बहुधा १९२.१६८.१ अशा आकड्यांनी सुरू होणारे पत्ते वाटतात. खाजगी वापरासाठी हे आकडे राखून ठेवलेले असल्यामुळे कोणीही ते वापरू शकतो. आणि एखाद्या कचेरीनेही तेच वापरलेले असतात. मग सुर्ल्याच्या घरातील छपाईयंत्र आणि कचेरीतील टपालाचा सर्व्हर यांचा पत्ता एकच निघतो. एकाच गावात एकाच नावाची दोन घरे असली की पोस्टमन जवळच्या घरी जातो, तसा मजकूर घरातल्या घरात फिरतो. यावर उपाय म्हणजे घरच्या राऊटरचे आकडे बदलणे. ते काम जाणकाराकडून करवून घ्यावे; एकदा केले म्हणजे कायमचे झाले.

तिसरे कारण खाणपट्ट्यातील माणसाला सहज पटेल. इंटरनेटवरील मजकूर लहान लहान खेपांनी जातो. एका खेपेत साधारणपणे १५०० बाइट मावतात. काही घरगुती जोडण्यांत त्यांतील ८ बाइट आधीच खर्ची पडून १४९२ उरतात. बोगद्यातून जाताना प्रत्येक खेपेवर कुलूप आणि वेष्टन चढते. त्याला आणखी पन्नास-साठ बाइटांची जागा लागते. बुटक्या पुलाखालून रिकामा ट्रक जातो आणि शिगोशीग भरलेला अडतो, तसेच येथे घडते. लहान मजकूर जातो, मोठा अडतो. प्रवेशाचे पान अर्धवट उघडून थिजते, दोन ओळींचे पत्र जाते, पण जोडपत्र असलेले पत्र जात नाही. या दोषाची दुरुस्ती घरी करावयाची नसते. पण कचेरीतील तंत्रज्ञाला ‘लहान जाते, मोठे अडते’ एवढे चार शब्द सांगितले, तर त्याचे अर्ध्या दिवसाचे शोधकाम वाचते.

चौथी चौकी ओळखीची. येथे पडदा स्पष्ट सांगतो की नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. बऱ्याच वेळा तो खरोखरच चुकलेला असतो. मराठी टंकलेखन करणाऱ्या माणसाचा कळफलक देवनागरीवर राहून जातो, आणि पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली राहते. म्हणून पासवर्ड प्रथम एखाद्या रिकाम्या पानावर लिहून डोळ्यांनी पाहावा आणि लगेच पुसून टाकावा.

पण पासवर्ड बरोबर असूनही नकार मिळतो, तो का? कचेऱ्या ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावतात. घरी बसलेल्या माणसाने तो ई-मेलच्या पानावर बदलला, तरी त्याच्या लॅपटॉपला ही वार्ता कळलेली नसते. लॅपटॉप जुन्या पासवर्डाने उघडतो आणि व्हीपीएन नवा मागते. त्यातच खिशातील मोबाईल असतो. त्यात जुना पासवर्ड साठविलेला, आणि तो बिचारा इमानाने दर थोड्या वेळाने कचेरीचे दार ठोठावत राहतो. ठराविक चुका झाल्या की सर्व्हर खाते काही काळ बंद करतो. माणूस लॅपटॉपवर अचूक पासवर्ड घालत असतो आणि मोबाईल त्याचे खाते बंद पाडत असतो. म्हणून पासवर्ड बदलला की मोबाईलमध्ये तो आधी बदलावा. आणि दोनदा नकार आल्यावर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा आदळआपट करू नये. खाते बंद झाले असेल, तर प्रत्येक नवा प्रयत्न सुटकेची वेळ पुढे ढकलू शकतो.

आता नुसता पासवर्ड पुरत नाही, मोबाईलवरचा सहा आकडी संकेतही लागतो. हा दुसरा पहारा उगाच बसविलेला नाही. संगणकावरील पासवर्डाची पद्धत १९६० नंतर अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत रूढ झाली, आणि १९६६ मध्ये तेथेच एका गफलतीने साऱ्यांच्या पासवर्डांची यादी येणाऱ्या प्रत्येकाच्या समोर छापली गेली. पासवर्ड फुटू शकतो, हा धडा इतका जुना आहे. मोबाईलवरील संकेत बहुधा दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो घड्याळावरून काढलेला असतो. मोबाईलचे घड्याळ हाताने लावलेले असून दोन-तीन मिनिटे चुकत असेल, तर त्याने दिलेला प्रत्येक आकडा शिळा ठरतो. घड्याळ आपोआप लागेल असे ठेवावे, म्हणजे हा प्रश्न मिटतो. नवा मोबाईल घेतला, तर जुना विकण्यापूर्वी ही संकेताची सोय नव्यावर नेली की नाही ते पाहावे.

आणखी दोन कारणे सांगून ही चौकी सोडू. काही कचेऱ्यांचा ई-मेल आता त्यांच्या स्वतःच्या इमारतीत नसून मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो. व्हीपीएनचे दुसरे तोंड मुंबईत असेल, तर त्या सर्व्हरला वाटते की हा मनुष्य नऊ वाजता साखळीच्या आसपास होता आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी मुंबईत पोहोचला. असा प्रवास अशक्य, म्हणजे चोरी झाली असावी, असे समजून तो दार लावून घेतो. हा पहारेकऱ्याचा शहाणपणा आहे. त्याची समजूत कचेरीतील तंत्रज्ञच घालू शकतो. दुसरे कारण जुनी साधने. १ ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या कचेरी-टपालसेवेतील नुसत्या नाव-पासवर्डाची जुनी पद्धत बंद करण्यास आरंभ केला. ज्या जुन्या टपालप्रणालींना नवी पद्धत ठाऊक नाही, त्या बरोबर पासवर्ड घालूनही नकारच ऐकतात.

इतके सारे झाल्यावरही दार न उघडले, तर मदत मागावी लागते. आणि मदत कशी मागितली यावर बरेच अवलंबून असते. नेहमी ऐकू येणारा संवाद असा:

‘साहेब, चालत नाही हो.’

‘काय चालत नाही, बाई?’

‘काहीच चालत नाही. सकाळपासून बसले आहे.’

यातून त्या तंत्रज्ञाला काहीच कळत नाही, आणि बाईंना वाटते की तो टाळतो आहे. त्याच बाईंनी कागद पुढे घेऊन असे सांगितले तर? ‘घरचे इंटरनेट चालते. व्हीपीएन नऊ वाजून दहा मिनिटांनी जुळले. ई-मेलचे पान येते, पण पासवर्ड घातल्यावर खाते बंद असल्याचा संदेश दिसतो. काल रात्री मी पासवर्ड बदलला होता.’ तंत्रज्ञ पुण्यात असो की बेंगळूरला, दुसऱ्या प्रश्नावाचून त्याचा हात योग्य जागी जातो. संदेश आपल्या शब्दांत न सांगता पडद्यावर आहे तसाच वाचून दाखवावा. आणि ‘काल चालत होते, मग काल आणि आज यांत काय बदलले?’ हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा. राऊटर, मोबाईल, पासवर्ड, वीज, यांपैकी काहीतरी बदललेले असतेच असे नाही. पण पुष्कळदा असते.

याच घटकेला एक मोठा धोकाही टपलेला असतो. घाबरलेला माणूस शोधयंत्रात मदतीचा दूरध्वनी शोधतो आणि तेथे भामट्यांनी पेरलेला क्रमांक त्याच्या हाती लागतो. कधी तर फोन आपणहून येतो: ‘मी तुमच्या कंपनीच्या संगणक विभागातून बोलतो, तुमचे खाते बंद पडले आहे, आता आलेला ओटीपी सांगा.’ आवाज सौम्य असतो आणि भाषा सफाईदार. नोकरी जाण्याच्या भीतीने माणूस तो आकडा सांगून बसतो. त्या एका आकड्याने कचेरीचे दप्तर परक्याच्या हाती जाते, आणि चौकशीत नाव येते ते सुर्ल्यात बसलेल्या माणसाचे. ध्यानात ठेवावे, की खरा तंत्रज्ञ पासवर्ड विचारीत नाही आणि ओटीपीही विचारीत नाही. कचेरीच्या मदतकक्षाचा क्रमांक सारे सुरळीत असतानाच कागदावर लिहून राऊटरशेजारी टांगावा. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता प्रथम कचेरीला कळवावे आणि पैशांचा संबंध असेल तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. पहिल्या तासातील तक्रारीला जे मोल असते, ते दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीला नसते. तसेच दार उघडत नाही म्हणून कचेरीची कागदपत्रे स्वतःच्या खाजगी ई-मेलवरून धाडण्याचा मोह आवरावा. हेतू कितीही चांगला असला, तरी बोगदा ज्यासाठी खणला तो उद्देशच त्याने बुडतो.

कर्तव्य केवळ कर्मचाऱ्याचे नाही. ज्या कचेऱ्या माणसांना दूर बसवून त्यांच्याकडून काम घेतात, त्यांनी दार अडलेल्या दिवशी हजेरी कळविण्याचा दुसरा मार्ग ठेवला पाहिजे. साध्या फोनवरून दिलेली सूचना पुरेशी मानली पाहिजे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात आषाढात वीज जाते हा त्या गावच्या मुलीचा कामचुकारपणा नव्हे. मदतकक्षात बसलेल्याने फोनवर आवाज चढविला, की पलीकडचे माणूस पुढच्या वेळी त्याला फोन करीत नाही. ते भामट्याचा सौम्य आवाज ऐकते. आणि घरातील वडीलधाऱ्यांनीही समजून घ्यावे की यंत्रासमोर कपाळाला हात लावून बसलेला मुलगा त्या क्षणी कामावरच असतो. भरलेला ट्रक काट्यावर अडकला, म्हणजे चालक घरी झोपला आहे असे कोणी म्हणत नसे.

तेव्हा चार चौक्या एका कागदावर लिहून ठेवाव्यात: घरचे इंटरनेट, व्हीपीएनची जुळणी, नाव-पत्ता, ओळख. त्याखाली मदतकक्षाचा क्रमांक, आणि त्याखाली दोन ताकिदी: तिसऱ्यांदा पासवर्ड घालू नये, ओटीपी कोणालाही सांगू नये. पुढच्या पावसात जेव्हा वीज चमकून राऊटरचा दिवा विझेल, तेव्हा हा कागद जवळ असला म्हणजे पहिल्या चौकीपासून आरंभ करता येईल.